दत्तक खड्डा

एका जंगलात, मुलांनो, सगळं होतं. नदी होती, डोंगर होता, करवंदीच्या जाळ्या होत्या, आवळे होते. नव्हतं ते फक्त सेवाभावी मंडळ. एका वर्षी तेही निघालं, आणि त्या वर्षापासून जंगलात गरजूंची टंचाई भासू लागली.

हसू नका. खरं सांगतोय. त्याआधी कुणाच्या पायात काटा मोडला, तर शेजारचा प्राणी तो दातांनी ओढून काढायचा आणि दोघं चरायला निघून जायचे. यात कुणी गरजू होता हे त्या दोघांच्या लक्षातही यायचं नाही. मंडळ निघाल्यावर काटा काढण्याआधी अर्ज लागायला लागला.

मंडळाचं नाव वनबंधू सेवा मंडळ. दर गुरुवारी उन्हं कलली, की मोठ्या वडाखाली सभा भरायची. अध्यक्ष होते हत्ती भाऊसाहेब. स्वभावाने फार मायाळू. कुणाचं दुःख ऐकलं की त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं, आणि हत्तीच्या डोळ्यातलं पाणी म्हणजे समोरच्याचे पाय भिजायचे. सचिव होत्या नलूताई शेकरू. शेकरू म्हणजे झाडावरची ती मोठी तांबूस खार, झुपकेदार शेपटीची. सगळा कार्यक्रम त्यांना तोंडपाठ असायचा. शेपटी एकदा हलवली की प्रार्थना, दोनदा हलवली की टाळ्या.

मंडळाचं बातमीपत्रही निघायचं, पळसाच्या पानावर. ते लिहायचे साळिंदर मास्तर. पाठीवरचा एक काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि लिहायला बसायचं. त्यांनी इतक्या बातम्या लिहिल्या होत्या, की त्यांच्या पाठीला एका बाजूने टक्कल पडलं होतं.

आता त्या मंडळाच्या बोधचिन्हाबद्दल सांगतो, कारण पुढे ते कामाला येणार आहे. बोधचिन्ह होतं, मदतीसाठी पुढे केलेली सोंड. सुतार पक्षी सागाच्या ओंडक्यावर ती टोचून टोचून कोरायचा. दर गुरुवारी एक पाहुणा बोलायला यायचा, आणि बोलून झालं की त्याला वेलींची विणलेली शाल, नारळ आणि असा एक ओंडका मिळायचा. त्याला सन्मानचिन्ह म्हणत. घरी नेताना पाहुण्याची कंबर धरायची.

पाहुणे एकाहून एक. अजगराने व्यायामाचं महत्त्व सांगितलं होतं आणि भाषणभर तो जागचा हलला नव्हता. घुबडाने दिवसाढवळ्या 'लवकर उठण्याचे फायदे' सांगितले आणि मधेच त्याचा डोळा लागला. तरी टाळ्या पडल्या. मंडळाचा नियमच होता, की पाहुण्याच्या बोलण्यावर चर्चा करायची नाही. टाळ्या वाजवायच्या, आभार मानायचे आणि फराळाला बसायचं. एकदा चुकून चर्चा झाली होती, तेव्हा रताळी गार झाली होती.

हे झालं मंडळ. आता खड्ड्याकडे चला. जपून चला.

जंगलाच्या पश्चिम टोकाला, ऐनाच्या झाडांपाशी, एक जुना खड्डा होता. फार पूर्वी माणसांनी तो हत्ती धरण्यासाठी खणला होता. पुढे माणसं निघून गेली, हत्ती विसरून गेले, खड्डा मात्र तिथेच राहिला. वरून पाचोळा पडून पडून तो दिसेनासा झाला होता.

त्या बाजूला सगुणा नावाची एक भेकरीण राहायची. भेकर म्हणजे लहानखुरं हरीण. भ्यालं की कुत्र्यासारखं भुंकतं. सगुणेचं एकच पाडस होतं, तांबू. अजून दूध पीत होतं, मधेच कोवळं गवत खाऊन बघत होतं आणि थुंकत होतं. एका गुरुवारी दुपारी तांबू फुलपाखरामागे पळाला, पाचोळ्यावर पाय पडला आणि तो खड्ड्यात गेला.

सगुणेने काठावरून आत पाहिलं. तांबू मऊ मातीवर पडला होता. त्याला लागलं नव्हतं, पण तो तिच्याकडे बघून रडत होता. तिने उतरायचा प्रयत्न केला. भिंती सरळ, पाय ठेवायला जागा नाही. उडी मारली असती, तर खड्ड्यात एकाच्या जागी दोघं झाली असती.

ती भुंकली. घसा बसेपर्यंत भुंकली. सांबरांना वाटलं वाघ आला, ती पळाली. सांबरं पळालेली पाहून ससे पळाले. थोड्याच वेळात आसपास कुणी उरलं नाही.

मग तिला आठवले हत्ती भाऊसाहेब. तिने खड्ड्याकडे पुन्हा पाहिलं, सोंड किती लांब असते ते मनाशी आठवलं आणि तिला हायसं वाटलं. सोंड पोचत होती. आरामात पोचत होती.

"तांबू, हलू नकोस हं. आत्ता येते," असं म्हणून ती वडाकडे सुसाट निघाली.

वडाखाली त्या दिवशी वेगळीच धांदल होती. पाहुणा आला नव्हता. 'एका पायावर यश' या विषयावर करकोचा बोलणार होता. पण त्याच्या तळ्यात मासे वर आले होते आणि त्याने ऐन वेळी नकार कळवला होता. पाहुण्याशिवाय सभा झाली असती, तर सगळ्या मंडळांमध्ये फिरणारा चषक हातचा गेला असता. नलूताई या फांदीवरून त्या फांदीवर नुसत्या उड्या मारत होत्या.

वडासमोर एक शिळा होती. पाहुणे तिच्यावर उभे राहून बोलत. सगुणेला हे ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं, की त्या शिळेवर चढलं तर आपण सगळ्यांना दिसू. ती धापा टाकत आली आणि चढली.

"आल्या!" नलूताई आनंदाने ओरडल्या. "पाहुण्या आल्या!"

"भाऊसाहेब, माझं पाडस..."

"एक मिनिट हं, ताई. आधी परिचय."

नलूताईंनी परिचय सुरू केला. आजच्या वक्त्यांना परिचयाची मुळीच गरज नाही, असं त्या म्हणाल्या आणि तो बराच वेळ करून दिला. नाव माहीत नसल्यामुळे त्यांनी कार्यावर भर दिला. सगुणा चारही पाय आळीपाळीने उचलत उभी होती. शेवटी नलूताईंनी खाली वाकून हळूच नाव विचारलं आणि म्हणाल्या, "बोला, सगुणाताई."

सगुणा बोलली. "माझं पाडस खड्ड्यात पडलंय हो. पश्चिमेला, ऐनांपाशी. लहान आहे. अजून दूध पितंय. मला काढता येत नाही. भाऊसाहेब, तुमची सोंड पोचतेय, मी बघून आलेय. आत्ता चला. तुमच्या पाया पडते, चला."

मग असा टाळ्यांचा कडकडाट झाला, की वडावरची पाखरं उडाली. अस्वल हुंदके देत होतं. भाऊसाहेबांसमोर चिखल झाला होता.

"थोडक्यात, पण काय बोलल्या!" तरस शेजारच्या रानडुकराला म्हणालं. "नाहीतर तो अजगर."

मागच्या ओळीत एक म्हातारं कासव बसलं होतं. त्याला सगळे कासवअण्णा म्हणत. ते उठलं आणि म्हणालं, "मग चला की."

"अण्णा," नलूताई म्हणाल्या, "पाहुण्यांच्या बोलण्यावर चर्चा नको."

"चर्चा कोण करतंय? मी निघालोय." असं म्हणून कासवअण्णांनी तोंड पश्चिमेला वळवलं आणि चालायला लागले. आभारप्रदर्शनाआधी उठल्याबद्दल त्यांची त्या दिवसाची गैरहजेरी लावली गेली. ती लावून झाली, तरी ते अजून शेवटच्या ओळीपर्यंतच पोचले होते.

सगुणेच्या अंगावर शाल पडली. पायाशी नारळ आला. समोर ओंडका आला. बहुमोल वेळ काढून आल्याबद्दल तिचे आभार मानले गेले. ती म्हणत होती, "अहो, पण..." आणि माकड म्हणत होतं, "इकडे बघा, ताई." माकडाकडे कॅमेरा होता. जंगलात कॅमेरा कुठून आला असं विचारू नका. मंडळ आलं की मागोमाग कॅमेराही येतोच.

फराळाच्या वेळी तिने भाऊसाहेबांना गाठलं. "येताय ना?"

"ताई," भाऊसाहेब भरल्या आवाजात म्हणाले, "मन हेलावलं माझं. रताळं घ्या. पण असं बघा, मी उठलो आणि येऊन सोंड घातली, तर ती माझी एकट्याची मदत झाली. मग मंडळाने काय केलं? लोक विचारतील. आणि दुसरं म्हणजे ही सोंड आता माझी राहिलेली नाही. ती बोधचिन्ह आहे. खासगी कामाला वापरायची तर प्रांतपालांना विचारावं लागतं."

प्रांतपाल म्हणजे अशा सगळ्या मंडळांचे वरिष्ठ. ते होते रानगवा. डोंगरापलीकडे राहायचे आणि वर्षातून एकदा यायचे.

"ते कधी येणार?"

"येतील की. सहा गुरुवार राहिलेत फक्त."

सगुणेने रताळं घेतलं नाही. ती तशीच परत फिरली. नलूताईंनी ओंडका वेलीने तिच्या गळ्यात अडकवून दिला होता, कारण सन्मानचिन्ह विसरून जाणं हा मंडळाचा अपमान समजत. खड्ड्याकडे जाताना तो तिच्या मागून दगडांवर आपटत येत होता.

तांबू अजून वर बघत उभा होता. "आणलंस कुणाला?"

तिला इतका संताप आला, की तिने गळ्यातली वेल दातांनी तोडली आणि त्या ओंडक्याला मागच्या पायांनी अशी लाथ हाणली की तो सरळ खड्ड्यात गेला.

"आई गं! काय टाकलंस?"

"काही नाही रे. सन्मान आहे."

खाली थोडी खुडबुड झाली. मग तांबू म्हणाला, "आई, मी त्याच्यावर चढलोय. तुझं नाक आता जवळ दिसतंय."

सगुणा गुडघ्यांवर बसली. मान जमेल तितकी खाली सोडली. अजून खूप अंतर होतं. पण मघापेक्षा एका ओंडक्याने कमी होतं. त्या दिवसात पहिल्यांदाच तिचं डोकं शांत झालं.

पुढच्या गुरुवारी बातमीपत्र निघालं. साळिंदर मास्तरांनी पुरा एक काटा झिजवला होता. 'आईचे काळीज : सौ. सगुणा भेकर यांचे हृदयस्पर्शी व्याख्यान.' शाल कुणी दिली, नारळ कुणी दिला, आभार कुणी मानले आणि फराळाला काय होतं, सगळं आलं होतं. पाडस खड्ड्यात आहे हे मात्र राहून गेलं होतं. पानावर जागा उरली नव्हती.

मंडळाने प्रकल्पही हाती घेतला. सगळे वाजतगाजत ऐनांपाशी आले. काठावर पाटी लागली, 'वनबंधू सेवा मंडळाने दत्तक घेतलेला खड्डा'. दर गुरुवारी सकाळी तिथे लाभार्थ्याला गवत वाटायचं ठरलं होतं. लाभार्थी म्हणजे तांबू. त्याला वाटलं, आपलं नाव बदललं.

भाऊसाहेब काठाशी उभे राहिले. सोंडेत गवताची पेंढी. ती त्यांनी हळूहळू आत सोडली. तांबूला गवताचं काही नव्हतं. त्याला सोंड दिसली. तो ओंडक्यावर चढला, पुढचे दोन्ही पाय वर केले आणि सोंडेला टेकवले.

"थांब हं, बाळा, असाच," माकड म्हणालं. "छान येतोय."

फोटो निघाला. पेंढी खाली पडली. सोंड वर गेली. तांबूचे पाय काही वेळ तसेच वर राहिले.

सगुणेला राहवलं नाही. "भाऊसाहेब, एवढी खाली गेलीच होती ना सोंड! जरा वळवली असतीत तर आला असता की हो वर."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. नलूताईंनी तिला बाजूला घेतलं. "सगुणाताई, आज गवतवाटप आहे. सुटका हा निराळा उपक्रम. दोन्ही एकाच दिवशी केले, तर बातमीपत्रात एकच धरतात. शिवाय तुम्हीच सांगा, त्याला काढलं तर पुढच्या गुरुवारचं गवत कुणाला वाटायचं?"

मुलांनो, या प्रश्नाचं उत्तर सगुणेला सुचलं नाही. मलाही सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर मोठेपणी मंडळात जाऊन सांगा.

तिला एक गोष्ट मात्र कळली. मदत मागितली तर गवत मिळतं आणि भाषण केलं तर ओंडका मिळतो. तांबूला दूध मिळत नव्हतं आणि तो वाळत चालला होता. गवत तो आता थुंकत नव्हता, पण त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. ओंडकेच लागणार होते, आणि लवकर लागणार होते.

ओंडके मिळण्याची सोयही झाली होती. बातमीपत्र आजूबाजूच्या मंडळांत जायचं. 'आईचे काळीज' वाचून सगळीकडून बोलावणी आली. नदीकाठच्या मंडळाचं आलं, बांबूबनातल्या मंडळाचं आलं, घाटमाथ्यावरच्या मंडळाचं आलं. सगळ्यांचं बोधचिन्ह एकच. सगुणा एकालाही नाही म्हणाली नाही.

पहाटे तांबूला पाला टाकून ती निघायची. मैलोन् मैल चालायची, शिळेवर चढायची, बोलायची, शाल घ्यायची, आभार ऐकून घ्यायची आणि ओंडका ओढत परत यायची. वेलीने तिचे खांदे सोलून निघाले होते. आल्या आल्या ओंडका खड्ड्यात. तांबू त्याला ढुशा देऊन नीट बसवायचा आणि वर चढून सांगायचा, "आई, आता तुझ्या मिशा दिसतात." शालींचं त्याने खाली अंथरूण केलं होतं. नारळ मात्र तसेच पडून होते. तो त्यांच्याशी खेळायचा.

वाटेत एकदा तिला कासवअण्णा भेटले. तोंडात एक लांबलचक वेल धरून ते पश्चिमेकडे चालले होते. तोंड भरलेलं असल्यामुळे बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली. ती घाईत होती, तिनेही मान हलवली आणि पुढे गेली.

नदीकाठी तिला एकाने सुचवलं, "बोलता छानच. पण शेवट जरा सकारात्मक करा. लोक कामधाम सोडून येतात, त्यांना जड मनाने फराळाला बसायला लागू नये." तिने शेवट बदलला. 'चला' म्हणायचं सोडून दिलं आणि 'मी आशा सोडलेली नाही' असं म्हणू लागली. त्यावर जास्त टाळ्या पडत.

बोलता बोलता ती तयार झाली. 'अजून दूध पितंय' या वाक्यानंतर थोडं थांबलं की पहिली ओळ रडते, हे तिला कळलं. घाटमाथ्यावर ती मुद्दाम थांबली. पहिली ओळ रडली. परत येताना तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती वाटेत एका झाडाला कपाळ टेकून बराच वेळ उभी राहिली. मग ओंडका उचलून पुन्हा चालू लागली. लाज वाटून ओंडका कमी जड होत नव्हता.

सहाव्या आठवड्यात बांबूबनातल्या मंडळाने तिला पुन्हा बोलावलं आणि या वेळी जीवनगौरव दिला. जीवनगौरवाचा ओंडका इतरांपेक्षा दुप्पट जाड असतो. तो आणायला तिला दोन दिवस लागले. गुरुवारी सकाळी तिने तो काठावरून ढकलला.

तांबूने ढुशा दिल्या. ओंडका बसला. तो चढला. एका कोरलेल्या सोंडेवर पाय, मग दुसऱ्या सोंडेवर, मग तिसऱ्या. जीवनगौरवावर पोचल्यावर त्याचं नाक तिच्या नाकाला लागलं. तिने त्याचा कान दातांत धरला आणि ओढला. तो ओरडला, घसरला, पुन्हा चढला आणि धप्पकन तिच्या अंगावर येऊन पडला.

ती त्याला चाटत राहिली. डोकं, पाठ, बरगड्या, सगळं. तो दुधाला लागला. दूध जवळजवळ आटलं होतं. तो मिळेल तेवढं पीत होता आणि ती डोळे मिटून उभी होती.

इतक्यात ढोल ऐकू आले.

तो प्रांतपालांच्या भेटीचा गुरुवार होता, मुलांनो. खड्ड्याच्या काठावर कायमस्वरूपी गवतकेंद्राचं उद्घाटन होणार होतं. प्रांतपाल जरा मागून येत होते. भाऊसाहेब, नलूताई, मास्तर, माकड आणि बाकी मंडळी तयारी बघायला पुढे आली. त्यांनी खड्ड्यात पाहिलं.

"लाभार्थी कुठाय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"हा काय. बाहेर आला," सगुणा म्हणाली.

"बाहेर? कुणाच्या परवानगीने?"

"चढून आला. तुमच्याच सन्मानचिन्हांवरून."

भाऊसाहेबांनी खाली पाहिलं. इतक्या सोंडा, इतक्या मंडळांच्या, आणि सगळ्यांवर खुरांचे ठसे. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "आम्ही एवढ्या प्रेमाने दिलं आणि तुम्ही पायाखाली घातलं?"

"ताई, आता रुसवेफुगवे नकोत," नलूताई घाईने म्हणाल्या. "प्रांतपाल वळणावर आलेत. पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं त्याला परत आत उतरवा. फीत कापली, फोटो झाला, की काढू लगेच."

तांबू आईच्या पोटाखाली शिरला.

"नाही," सगुणा म्हणाली.

सहा आठवड्यांत तिने इतकं लहान भाषण केलं नव्हतं. टाळ्या पडल्या नाहीत.

भाऊसाहेबांना मग स्वतःलाच एक युक्ती सुचली. ते म्हणाले, "मी वाकून उभा राहतो. सोंडेत पेंढी घेतो. मागून फोटो काढला, तर खड्ड्यात कुणी आहे की नाही कळतंय कुणाला?" सगळ्यांना युक्ती पसंत पडली. भाऊसाहेबांनी पेंढी घेतली आणि काठावर उभे राहिले.

"जरा पुढे," माकड म्हणालं. "पाटी झाकली जातेय. आणखी थोडं. बस, आणखी एकच पाऊल."

तो खड्डा कुणासाठी खणला होता, ते मी तुम्हाला मघाशीच सांगितलं होतं. तुमच्या लक्षात असेल. भाऊसाहेबांच्या नव्हतं.

काठ ढासळला. मोठा आवाज झाला, धूळ उडाली. खालून ओंडके मोडल्याचा कडकड आवाज आला. धूळ बसली तेव्हा खड्ड्यातून फक्त एक सोंड वर आलेली दिसत होती, आणि ती मदतीसाठी पुढे केलेली होती.

नेमके त्याच वेळी प्रांतपाल येऊन पोचले. ते थबकले. "वा!" ते म्हणाले. "बोधचिन्हाचा जिवंत देखावा! इतकी वर्षं फिरतोय, पण अशी कल्पना कुणाला सुचली नाही."

"काढा मला!" खड्ड्यातून आवाज आला. "पाय मुरगळलाय माझा! अहो, कुणीतरी काढा!"

नलूताई क्षणभर गडबडल्या. पण सवय ती सवय. शेपटी सावरून त्या पाटीवर चढल्या. "आता लाभार्थी आपलं मनोगत व्यक्त करत आहेत."

भाऊसाहेबांनी मनोगत व्यक्त केलं. माती ढासळतेय, पाय हलत नाही, चार जण मिळून उतार खणा, आत्ता खणा, असं सगळं सांगितलं. कळकळीने सांगितलं. नलूताईंनी शेपटी दोनदा हलवली. टाळ्यांचा कडकडाट झाला. अस्वल हुंदके देऊ लागलं. प्रांतपाल पुढे झाले आणि त्यांनी त्या सोंडेवर शाल घातली, नारळ ठेवला आणि ओंडका टेकवला. साळिंदर मास्तरांनी पाठीवर हात फिरवून एक शिल्लक काटा शोधला.

त्या टाळ्यांमधून वाट काढत कासवअण्णा आले. सहा आठवडे चालून आले होते. तोंडातली वेल त्यांनी सगुणेच्या पायाशी ठेवली, दोनदा जबडा हलवून पाहिला आणि म्हणाले, "पोरी, चांगली चिवट बघून आणलीय. उशीर झाला का गं?"

शाली घेताना, जीवनगौरव घेताना सगुणेचे डोळे कधी ओले झाले नव्हते. ते आता झाले. "नाही हो, अण्णा," ती म्हणाली. "वेळेवर आलात."

पण नलूताईंची नजर वेलीवर पडली होती. "फीतच विसरलो होतो बघा! अण्णा, देवासारखे आलात." वेल उचलली गेली, खड्ड्यापुढे ताणून बांधली गेली, आणि प्रांतपालांनी ती शिंगाने मधोमध तोडली. गवतकेंद्राचं उद्घाटन झालं. सलग सहा गुरुवार गैरहजर राहिल्याबद्दल कासवअण्णांचं सभासदत्व संपल्याचंही त्याच वेळी जाहीर झालं. मंडळी फराळाकडे वळली.

जायच्या आधी सगुणा काठाशी आली. खाली वाकली. भाऊसाहेबांनी आशेने वर पाहिलं.

"भाऊसाहेब, घाबरू नका," ती म्हणाली. तिला खरंच वाईट वाटत होतं. "तुम्ही बोललात चांगलं. शेवट तेवढा सकारात्मक करा, म्हणजे बाहेरची बोलावणी येतील. आणि जे जे मिळेल ते पायाखाली घालत जा. मला सहा आठवडे लागले. पण माझा तांबू लहान होता."

मग ती, तांबू आणि कासवअण्णा निघाले. कासवअण्णांसाठी दोघं हळू चालत होते.

पुढच्या गुरुवारी बातमीपत्र निघालं. त्यात मथळा होता, 'खड्ड्यातील हत्ती यांचे हृदयस्पर्शी व्याख्यान'. फराळाला बोरं होती.

तात्पर्य : मुलांनो, खड्ड्यात पडलेल्याला कधीही हात देऊ नये. हात त्याच्या हातात अडकला, तर टाळ्या कशाने वाजवणार?